अंगठ्याएवढे आकडे

हॅलो? … हॅलो, लुसे? … अगं मीच, वाइओलेती. माझा फोन दुसरं कोण उचलणार? … थांब, बाहेर येते. घरात एकच दांडी दाखवतोय. … हं, बोल आता. आंब्याखाली उभी आहे. पोहोचलीस का दुकानात?

… पोहोचलीस! गुणाची गं माझी बहीण. किती वाजता बंद होतं ते? … साडेपाचला? मग तासभर आहे की. … बरं, पाऊण तास. सेलचा आज शेवटचा दिवस ना? … हो, आणि आमची शेजारीण फुइवा सोमवारी सकाळच्या विमानाने ऑकलंडहून बेटावर परत येतेय. तिच्याच सामानात घालायचाय टॅब. उद्या रविवार, विमान नाही, दुकान नाही, काही नाही. जे काय करायचं ते आज.

… हळूच बोलतेय गं. आयसाके मागच्या पडवीत बसलाय. त्याला अजून काही बोलले नाही मी. सकाळपासून रुसलाय. … बायकोवर कशाला रुसेल? स्वतःच्या डोळ्यांवर रुसलाय.

… तुला पूर्ण सांगितलंच कुठे मी. मागच्या रविवारी चर्चमध्ये, तिसऱ्या ओळीला काठी थांबली त्याची. … अगं काठी! सव्वीस वर्षं ज्या काठीवर अख्खं गाव गातंय ती काठी. कागदावर सुरांच्या जागी लिहिलेले आकडे दिसलेच नाहीत त्याला. मग काय, खर्जवाले एकीकडे, आम्ही बायका एकीकडे. पाद्रीसाहेब खोकले. घरी आला तो तसाच पडवीत जाऊन बसला गं. जेवलाही नाही. आणि आज सातच्या तालमीला उभा राहून सांगणार आहे की, यापुढे काठी लोपेतीने धरावी, मी बाकावर बसतो. … हो, आजच! म्हणून तर तुला पिटाळलं दुकानात. सातच्या आत मला म्हणता आलं पाहिजे, टॅब घेतलाय, येतोय, गप्प बस.

… लोपेती? चांगलाय पोरगा. गळाही चांगला. पण बस सुटायला आल्यासारखं गाणं पळवतो.

… डॉक्टरीणबाई काय म्हणणार? गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते सांभाळा. उरलंय त्याच्यावर तर भिस्त आहे माझी. काल मी काय केलं, पुठ्ठ्यावर आकडे काढले. लहान, मधले, मोठे. भिंतीला टेकवले आणि म्हटलं, बघ रे, फुइवाच्या पोरांनी काय गिरवलंय. माझ्या अंगठ्याएवढे वाचले त्याने! धडाधड. त्याहून बारीक नाही. … तेच तर सांगतेय, अंगठ्याएवढे आकडे दिसले की झालं. गाणं तर त्याच्या हाडात आहे.

… फळा? फळा तालमीपुरता गं. काळ्या पाटीवर खडूने तळहाताएवढे लिहितो, ते दिसतं त्याला. पण चर्चमध्ये मधोमध फळा उभा केला तर पाद्रीणबाई त्याच्यामागे जाईल, तिची ती नवी टोपी कुणाला दिसणार? … हस, हस. आता सांग, काय काय आहे तिथे?

… हं. … हं. … हे जीबीबीबी नको सांगूस मला. आकडे किती मावतात ते सांग. … अंगठा लाव ना! तुझा अंगठा लाव काचेवर आणि मोज, एका ओळीत किती. … माझ्याएवढाच आहे तुझा अंगठा, आईचे अंगठे आहेत आपले.

… पाच? लहान्यात पाचच? पाच आकडे म्हणजे तोंड उघडलं की पान उलटायचं. मी शेजारी उभी राहून बोटाने सरकवणार, पण मलाही गायचंय की नाही? … केवढ्याला तो? … दोनशे चाळीस डॉलर. स्वस्त आहे गं, पण घेऊन करायचं काय? … बरं, नेऊन बघ ना दारात. उन्हात धर. … अगं नव्या चर्चचं उद्घाटन आहे नोव्हेंबरात, मांडवात, भर दुपारी, पाच गावं येणार. त्या बाईला सांग, चोरत नाहीये, ऊन बघतेय. … काय दिसतंय?

… स्वतःचं नाक? वा. दोनशे चाळीस डॉलर देऊन आरसा कशाला घेऊ? ठेव तो खाली.

… मधला? वापरलेला आहे? … दुरुस्त करून, पुसून विकायला ठेवलाय. सहाशेला. आकडे किती? … अकरा. बरे आहेत. … कोपरा चेपलाय? कसा चेपलाय? … चांगला ठसठशीत? अगं वा! तोच बघ! … अगं चेपलेलाच हवाय मला. जितका कळकट, तितका बरा.

… का म्हणजे? मेलेनाइटे! … नणंद माझी, दुसरं कोण? तीन घरं सोडून राहते. लुसे, तू तिकडे राहून सगळं विसरलीस बाई. भावाच्या घरातलं जे आवडेल ते बहिणीचं. गेल्या वर्षी आपल्या भाच्याने पंखा पाठवला. वन्सं आल्या, पंख्यासमोर बसल्या, म्हणाल्या, काय गार वारा आहे गं. झालं. पंखा गेला. त्याआधी शिवणयंत्र. त्याआधी भात शिजवायचं ते विजेचं पातेलं, त्यात मी एकदासुद्धा भात केला नव्हता. टॅब बघितला की म्हणणार, काय सुंदर चित्र दिसतं गं. की चालला टॅब तीन घरं पलीकडे.

… नाही म्हणू? कुणाला, नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला? तूच म्हणून दाखव. आयसाके स्वतः उचलून नेऊन देईल तिच्या दारात. आणि आपण काय कमी आहोत? आपल्या दादाच्या होडीचं इंजिन कुणी आणलं? … तू आणि मी! भर मासेमारीच्या दिवसात! वहिनी दारात उभी राहून बघत होती बिचारी. तिचा तळतळाट लागलाय मला, दुसरं काही नाही.

… लपवून ठेवू? चर्चमध्ये पाचशे माणसांसमोर हातात धरायची वस्तू लपवू कशी? आणि ती एकटी थोडीच आहे? पाद्रीणबाई म्हणेल, एक दिवस दे, नातवंडांशी बोलते. लोपेतीची आई म्हणेल, मॅच बघायला दे. गेलेला टॅब परत येतो का कधी? मेलेनाइटेच्या वस्तूंना तेवढा कुणी हात लावत नाही. ते तिचं डुक्कर आठवतं? … हो, पांढरं, कान फाटलेलं. अख्ख्या गावाची रताळी उकरली त्याने, माझी केळी खाल्ली, एकदा चर्चमध्ये शिरलं. दगड मारला का कुणी? मेलेनाइटेचं डुक्कर! सगळे बाजूला होऊन वाट देत होते त्याला.

… हसू नकोस, घड्याळ बघ. बॅटरी विचार त्या मधल्याची. … दोन तास? फक्त? … अगं आमची प्रार्थना तीन तास चालते, पाद्रीसाहेब रंगात आले तर साडेतीन. शेवटचं गाणं अंधारात म्हणायचं का? … नवीन बॅटरी बसवून मिळेल? इथे कोण बसवणार? खाऱ्या वाऱ्याने इथे कड्या-कोयंडे सहा महिन्यांत लाल होतात, आणि दुरुस्ती करणारा एकच, तोही घड्याळं करतो. … गॅरंटी? गॅरंटी घेऊन मी पोहत येऊ का ऑकलंडला?

… हं. … म्हणजे मोठाच. … किती म्हणालीस? … एक हजार पन्नास. आई गं.

… नाही, पैसे आहेत. तू विकलंस ना माझं ते झाडाच्या सालीचं कापड तिकडच्या लग्नवाल्यांना, त्याचे तुझ्याकडे आहेत ते पुरतील. पण लुसे, सात महिने कुटलंय गं ते. अजून मनगट दुखतं सकाळी. ते पैसे घालून आणायचं आणि आठवड्यात… जाऊ दे. आकडे किती मावतात मोठ्यात? … सोळा! … पुन्हा मोज. … सोळा. म्हणजे एक पूर्ण ओळ. एका दमात एक ओळ. … आणि उन्हात? … दिसतंय? स्पष्ट? … तुझं नाक नाही ना दिसत? … बॅटरी? … दहा तास. अगं बाई, दोन रविवार निघतील.

… चांगलाच आहे गं. तीच तर अडचण आहे. चांगली वस्तू घ्यायलाच भीती वाटते इथे. वाईट घेतली तर आयसाकेच्या उपयोगाची नाही, चांगली घेतली तर आयसाकेची राहणार नाही. करू काय मी?

… थांब, सुचलं. कव्हर कसली कसली आहेत बघ. … काळं नको, करडं नको, ते आवडेल तिला. … काय? शिंगवाला घोडा? गुलाबी? वर चमचम? तेच घाल! मेलेनाइटे मरेल पण तसलं काही हातात धरून चर्चला जाणार नाही. आयसाकेला कुठे दिसतंय घोडा आहे की शेळी. … आणि ऐक ना, त्या बाईला म्हण, काचेच्या कडेला एक ओरखडा मारून द्या. … बारीकसा! आकड्यांच्या बाहेर! … का नाही? टॅब आमचा, ओरखडा आमचा. … हसतेय ती? हसू दे. तिला नणंद नसेल.

… अं? … नाही, तुला नाही म्हटलं. कुणीतरी मागे… थांब हं जरा.

… अगंबाई. वन्सं! या, या ना वन्सं. शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला, आत्ताच नाव काढलं होतं. … कधी आलात? … मघाशीच? मघाशी म्हणजे, घोड्याच्या आधी की नंतर? … डुकराच्या आधी.

… लुसे, वन्सं आल्यात. … हो. … डुकराच्या आधीपासून उभ्या आहेत. … नको, नको, फोन नको ठेवूस! मला एकटीला सोडून जाऊ नकोस!

… बसा वन्सं, इथे मुळावर बसा. चटई आणू? … नको. बरं. … आयसाके? तुमची चाहूल लागली आणि उठला की पडवीतून. चुलीमागे गेलाय, नेहमीसारखा. तुमच्यासमोर कसा थांबेल? … नाही, त्याला यातलं काही माहीत नाही. देवाशपथ. हे सगळं माझं डोकं. त्याच्यावर रागावू नका. मी बोलले, मी वाईट.

… काय? … नाही हो, टॅबचं खरंच त्याच्यासाठी. मागच्या रविवारी… तुम्हाला कळलं होतं? … लुसे, त्यांना कळलं होतं. मधल्या बाकावर बसून. … तिसऱ्याच ओळीला, हो वन्सं. … काठी थांबायच्या आधीच? ते कसं?

… ऐकतेयस का लुसे? त्या म्हणतायत, दहा वर्षांचा होईपर्यंत आयसाके त्यांच्या शेजारी बसून गायचा. नंतर बहीण-भावाने एका चटईवर बसायचं नाही, तोंडावर बोलायचं नाही. पण श्वास कुठे घेतो ते त्यांना अजून माहीत आहे. मागच्या रविवारी त्याने चुकीच्या ठिकाणी श्वास घेतला आणि यांनी तिथेच ओळखलं. … आठवडाभर झोपल्या नाहीत म्हणतायत. भावाला जाऊन विचारता येत नाही, काय होतंय रे तुला म्हणून. आणि मी काही सांगायला गेले नाही.

… चुकलं माझं वन्सं. खरंच चुकलं. मला वाटलं… जे वाटलं ते तुम्ही ऐकलंच आहे.

… हो. हजार पन्नासचा. … लुसे, वन्सं विचारतायत, मोठ्यात एका ओळीत किती. … सोळा, वन्सं. अंगठ्याएवढे. … उन्हातही दिसतं. … दहा तास.

… काय म्हणालात?

… लुसे. त्या म्हणाल्या, तो टॅब माझा.

… हो वन्सं. तुमचाच. … मी काय बोलणार? तुमचा हक्कच आहे. … नाही, रडत नाहीये. चुलीचा धूर आहे. … लुसे, म्हटलं नव्हतं तुला? अजून दुकानातून बाहेरसुद्धा पडला नाही गं, आणि गेला. सात महिने मी कशाला कुटत बसले?

… अं? … ऐकतेय वन्सं. … पुन्हा सांगा. … माझा, पण ठेवायचा इथे? इथे म्हणजे… आयसाकेकडे?

… थांब लुसे, थांब, ऐक, ऐक ना! त्या म्हणतायत, टॅब मेलेनाइटेचा म्हणून आज तालमीत सगळ्यांसमोर सांगणार. मेलेनाइटेची वस्तू, भावाकडे ठेवलीय. मग बघू म्हणतायत पाद्रीणबाई कशी मागते ते! लोपेतीची आई मॅच बघेल? हात लावून तर दाखवू दे! … 'माझ्या डुकरासारखा फिरेल तो टॅब.' त्यांनीच म्हटलं! त्यांच्या तोंडाने!

… हसतायत. वन्सं हसतायत गं लुसे! आणि हे माझ्या डोक्यात कसं नाही आलं? तीस वर्षं मी यांच्यापासून वस्तू लपवत राहिले. यांच्याच नावाने ठेवल्या असत्या तर पंखा घरात असता! … काय वन्सं? … पंखा परत नाही मिळणार म्हणतायत. आवडलाय त्यांना.

… आणि घोडा? … नाही हो वन्सं, नाही घेत घोडा. लुसे, घोडा रद्द. साधं काळं कव्हर. 'माझी वस्तू आहे, गुलाबी चालायची नाही.' … ओरखडाही नको, हो, कळलं.

… वन्सं, मोठ्याने का बोलताय? मी इथेच आहे की. … अगं लुसे, भिंतीकडे तोंड करून बोलतायत. चुलीमागे ऐकू जावं म्हणून. भिंतीला सांगतायत! … 'आज सातला बायका वेळेवर बसतील. कुणाला काठी खाली ठेवायची असेल तर त्याने आधी थोरल्या बहिणीची परवानगी काढावी. आणि थोरली बहीण देणार नाही.' … बाई गं.

… चुलीमागे काहीतरी खडखडलं. … थांब, बोलू नकोस. … थांब.

… ऐकू येतंय का? फोन धरते तिकडे. … आलं? बादलीवर काठी वाजवत आकडे म्हणतोय. … हो, तोच. पाच… पाच… सहा… तेच गाणं गं, तिसरी ओळ! जिथे अडला होता तीच! … वन्सं, तुम्ही कशाला तोंड फिरवताय? धूर आहे ना? हो, धूरच आहे.

… लुसे, दुकानात रडू नकोस, लोक बघतील. … नको, ठेवू नकोस, तो हाक मारतोय मला. … काय रे? … काय? … लुसे, आयसाके विचारतोय, आकडे काळे असतात की पांढरे? … अगं विचार ना तिला! काळ्यावर पांढरे करता येतात का? फळ्यासारखे? खडूसारखे?

… पटकन गं, तो थांबलाय.

… येतात? … नक्की? तू बघितलंस स्वतः? … आयसाके! हो म्हणतेय! काळ्यावर पांढरे! तुझ्या फळ्यासारखे!

… बोलला गं. 'मग सोळाची ओळ पुरे' म्हणाला. … पुरे म्हणाला, लुसे!

… किती वाजले? … मग उभी काय आहेस, भर पैसे! मोठाच. काळं कव्हर. फुइवाला सांग, हातातल्या पिशवीत घेऊन ये, खाली सामानात टाकू नको. … अगं हो, वन्संचा आहे म्हणून सांग, मग बघ कशी सांभाळते. … आणि ऐक, दादाला फोन कर. त्या होडीच्या इंजिनाचं… नाही, काही नको सांगूस. नुसता फोन कर, वहिनीशी बोल.

… अहो वन्सं, ते काय उचललंत? ते पानांत गुंडाळलेलं लू उद्याच्या जेवणाचं आहे, नारळाचं दूध काढून हात दुखले माझे… बरं, न्या. न्या, न्या. पातेल्यासकट न्या. सातला या म्हणजे झालं.

… नाही गं, तुला नाही. चल, ठेवते. मला त्याचा सदरा इस्त्री करायचाय.